पहिला सेट गेला म्हणून सामना गेला का?

उल्हासनगर कॅम्प २ च्या बाजारात सकाळी शटर वर गेले, देवापुढे उदबत्ती लागली, की दुकानदाराचे लक्ष पहिल्या गिऱ्हाइकाकडे लागते. दिवसाची ही पहिली विक्री म्हणजे भवानी. कोणी तिला बोहनी म्हणतात. भवानीच्या गिऱ्हाइकाला सहसा रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत. चार पैसे कमी घेऊन का होईना, व्यवहार करतात. भवानी चांगली झाली की दिवस चांगला जातो, अशी समजूत. पण मुरलेला दुकानदार सकाळी भवानी झाली नाही म्हणून दुपारी बाराला कुलूप लावून घरी जात नाही. संध्याकाळची गर्दी अजून यायची आहे, हे त्याला ठाऊक असते.

खेळाच्या मैदानावर मात्र अनेक मुले नेमके तेच करतात. टेनिसमधला पहिला सेट किंवा बॅडमिंटन, टेबल टेनिसमधला पहिला गेम हातातून गेला की त्यांचे खांदे पडतात, पाय जड होतात आणि पुढचा खेळ नुसता उरकला जातो. शरीर कोर्टवर असते, पण मनाने शटर ओढून घेतलेले असते. "मुलगा सरावात उत्तम खेळतो, पण पहिला गेम हरला की संपलाच. याला काही टॉनिक देता येईल का?" असा प्रश्न अनेक पालक विचारतात. यावर बाटलीतले टॉनिक नाही. पण पहिल्या सेटचा निकालाशी संबंध किती, त्यात शरीराचा भाग कोणता आणि मनाचा कोणता, हे समजून घेतले तर निम्मे औषध तिथेच मिळते.

बालेवाडीचे पाच अंतिम सामने

टेनिस आपल्यापैकी बहुतेकांनी टीव्हीवरच पाहिलेले असते, म्हणून आधी दोन शब्द नियमांविषयी. जो खेळाडू किमान दोन गेमच्या फरकाने सहा गेम जिंकतो, त्याचा सेट. दोघेही पाच गेमवर आले तर सात गेमपर्यंत जावे लागते आणि सहा-सहा अशी बरोबरी झाली तर टायब्रेकर होतो. बहुतेक सामने तीन सेटचे असतात, त्यातले दोन जिंकणारा विजयी. पुरुषांच्या चार मोठ्या स्पर्धांत मात्र पाच सेट असतात आणि तीन जिंकावे लागतात.

आता आपल्याच राज्यातले उदाहरण घेऊ. पुण्याजवळच्या म्हाळुंगे-बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात २०१८ ते २०२३ या काळात महाराष्ट्र ओपन ही पुरुषांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरत असे. करोनामुळे २०२१ मध्ये ती झाली नाही. एकूण पाच अंतिम सामने झाले.

२०१८ मध्ये फ्रान्सच्या जील सिमाँने दक्षिण आफ्रिकेच्या केव्हिन अँडरसनला ७-६, ६-२ असे हरवले. २०१९ मध्ये त्याच अँडरसनने क्रोएशियाच्या उंचपुऱ्या इव्हो कार्लोविचवर ७-६, ६-७, ७-६ अशी मात केली. तिन्ही सेट टायब्रेकरपर्यंत गेले. २०२० मध्ये चेक प्रजासत्ताकाच्या यिरी वेसेलीने बेलारूसच्या येगोर गेरासिमोवला ७-६, ५-७, ६-३ असे नमवले. २०२२ मध्ये पोर्तुगालच्या जुआंव सौझाने फिनलंडच्या एमिल रुसुवुओरीला ७-६, ४-६, ६-१ असे हरवले. २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या टॅलन ग्रीकस्पूरने फ्रान्सच्या बेंजामिन बॉन्झीविरुद्ध पहिला सेट ४-६ असा गमावला, पण पुढचे दोन ७-५, ६-३ असे घेऊन करंडक नेला.

म्हणजे पाचपैकी चार वेळा पहिला सेट जिंकणाराच विजेता ठरला. वरवर पाहता निष्कर्ष सोपा वाटतो की पहिला सेट घेतला म्हणजे काम फत्ते. पण हेच आकडे पुन्हा एकदा वाचा. या चार विजेत्यांपैकी तिघांनी दुसरा सेट गमावला होता. पहिला सेट जिंकूनही त्यांना तिसऱ्या सेटात पुन्हा शून्यापासून झगडावे लागले. शिवाय या चौघांचाही पहिला सेट टायब्रेकरवर, म्हणजे दोन-चार गुणांच्या फरकाने सुटला होता. पाच सामन्यांवरून नियम बांधता येत नाही हे खरेच. पण पहिल्या सेटला किती महत्त्व द्यायचे आणि किती नाही, या दोन्ही गोष्टी या पाच आकड्यांत दिसतात.

नाणेफेकीचे गणित

समजा, दोन खेळाडू अगदी तुल्यबळ आहेत. प्रत्येक सेट म्हणजे जणू नाणेफेक. तीन सेटच्या सामन्यात पहिला सेट तुम्ही जिंकलात. उरलेल्या दोन सेटांचे चार प्रकार संभवतात: दोन्ही तुमचे, पहिला तुमचा, दुसरा त्याचा, पहिला त्याचा, दुसरा तुमचा, आणि दोन्ही त्याचे. यातल्या पहिल्या तीन प्रकारांत सामना तुमचाच होतो. (दोन्ही तुमचे असतील तर दुसरा खेळावाही लागत नाही.) म्हणजे चारपैकी तीन, शंभरात ७५. यात धीर वाढला, नशीब उघडले, असले काही आलेच नाही. निम्मी वाट चालून झाली, एवढाच त्याचा अर्थ.

आता समजा, एक खेळाडू थोडा सरस आहे आणि प्रत्येक सेट जिंकण्याची त्याची शक्यता शंभरात ६० आहे. सामना सुरू होताना त्याच्या विजयाची शक्यता शंभरात ६५ च्या आसपास असते. पहिला सेट जिंकला तर ती ८४ वर जाते. हरला तर ३६ वर येते. ३६ हा आकडा लक्षात ठेवा. शंभरातले छत्तीस म्हणजे तीनातला एक सामना, त्याहूनही थोडा जास्तच. ज्याला आपण "गेला" म्हणून सोडून देतो, त्या सामन्यात अजून तिसरा हिस्सा जीव शिल्लक असतो.

पाच सेटच्या सामन्यात तर वाट आणखी लांब. तुल्यबळ खेळाडूंमध्ये पहिला सेट जिंकणाऱ्याची शक्यता तिथे शंभरात ६९ पर्यंतच जाते. पहिले दोन्ही सेट खिशात असले तरी आठातला एक सामना हातून निसटू शकतो.

ताप आणि थर्मामीटर

पहिला सेट जिंकणारा बहुतेक वेळा सामना जिंकतो, याचे दुसरे कारण अगदी साधे आहे. तो मुळातच सरस असतो, किंवा त्या दिवशी त्याची तब्येत आणि लय चांगली असते. ज्या कारणाने त्याने पहिला सेट जिंकला, त्याच कारणाने तो दुसराही जिंकतो.

आजारी माणसाच्या काखेत थर्मामीटर लावला आणि पारा वर चढला, तर ताप थर्मामीटरमुळे आला असे कोणी म्हणत नाही. थर्मामीटरने ताप फक्त दाखवला. पहिला सेट हा पुष्कळ अंशी असाच थर्मामीटर आहे. दोघांत आज कोण बरा खेळतो आहे, हे तो दाखवतो. म्हणून तो हरल्यावर रडण्यापेक्षा तो वाचायला शिकले पाहिजे. डॉक्टर ताप पाहून उपचार ठरवतो. खेळाडूने पहिला सेट पाहून दुसऱ्याचा बेत ठरवावा.

मग मनोबल, आत्मविश्वास, ज्याला समालोचक "लय मिळाली" म्हणतात, ते सारे खोटे का? तसेही नाही. फ्रँक क्लासन आणि यान मॅग्नस या दोन डच संशोधकांनी विम्बल्डनच्या १९९२ ते १९९५ या चार वर्षांतल्या सामन्यांमधले जवळजवळ ९० हजार गुण एकेक करून तपासले. आधीचा गुण जिंकणाऱ्याला पुढचा गुण जिंकताना थोडा फायदा होतो, आणि मोक्याच्या गुणावर सर्व्हिस करणाऱ्याला तो जिंकणे थोडे जड जाते, असे त्यांना आढळले. पण हा परिणाम लहान होता, आणि खेळाडू जितका चांगला तितका तो आणखी कमी होत गेला. मागच्या गुणाचे ओझे पाठीवर न घेता पुढचा गुण खेळणे, हीच चांगल्या खेळाडूची खूण म्हणायची.

दुसरा अभ्यास आपल्या पालकांना अधिक उपयोगी पडेल. डेव्हिड मॅल्यूग आणि अँड्र्यू येट्स या अर्थशास्त्रज्ञांनी तीन सेटचे असे सामने निवडले, ज्यांत सामन्यापूर्वी सट्टेबाजांनी दोघांनाही जवळपास सारखाच भाव दिला होता. म्हणजे दोघे तुल्यबळ. त्यांना दिसले की पहिला सेट जिंकणारा दुसऱ्या सेटात अपेक्षेपेक्षा जास्त वेळा जिंकतो. पण सामना तिसऱ्या सेटात गेला, की दोघे पुन्हा समसमान होतात. त्यांनी लावलेला अर्थ असा की दुसऱ्या सेटात पुढे असलेल्याची ओढ वाढते आणि मागे पडलेल्याची कमी होते. मागे पडलेल्याला अजून दोन सेट चढायचे असतात. डोंगर उंच दिसला की पाऊल आखडते.

याचा अर्थ नीट समजून घ्यावा. पहिल्या सेटाने होणारे खरे नुकसान दुसऱ्या सेटाच्या सुरुवातीला होते. तेवढा उतार सावरला आणि एक-एक अशी बरोबरी केली, तर पहिल्या सेटचे भूत तिथेच उतरते.

शरीरात काय घडते?

पहिला सेट हरल्यावर खेळाडू "मनाने खचला" असे आपण म्हणतो, पण ते खचणे शरीरात उतरलेले असते. धोका जाणवला की मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन हा स्राव रक्तात येतो. नाडी वाढते, श्वास उथळ आणि जलद होतो, स्नायू ताठरतात. थोड्या प्रमाणात हे उपयोगाचेच आहे. त्याशिवाय चपळाई येणार नाही. पण प्रमाण वाढले की मान आणि खांदे आवळतात, रॅकेटवरची पकड घट्ट होते, मनगट मोकळे फिरत नाही. चेंडू जाळ्यात जातो नाहीतर रेषेबाहेर. मग खेळाडू घाई करतो. दोन गुणांमध्ये श्वास न घेता पुढची सर्व्हिस करतो, आणि आणखी चुकतो. दुकानात गर्दी झाल्यावर घाबरलेला नवा नोकर सुट्टे पैसे देताना चुकतो, तसेच हे.

जिंकणाऱ्याच्या शरीरातही बदल होतात. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात महाविद्यालयीन टेनिसपटूंच्या लाळेतील टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण मोजले होते. सामन्याआधी ते वाढलेले होते आणि सामन्यानंतर हरलेल्यांच्या तुलनेत जिंकलेल्यांत जास्त राहिले. अभ्यासात खेळाडू फक्त सहा होते, त्यामुळे यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण जिंकणे-हरणे फक्त फलकावर लिहिले जात नाही, रक्तातही त्याची नोंद होते, एवढे यातून दिसते.

तिसरी गोष्ट घामाची. उकाड्यात जोरात खेळणाऱ्या माणसाचा तासाला एक लिटर, कधी दोन लिटरच्या वरही घाम जातो. आपल्याकडे हवा दमट. घाम वाळत नाही, नुसता गळतो, आणि वाळला नाही तर अंग थंडही होत नाही. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झाले की खेळ मंदावू लागतो. चाळीस किलोच्या मुलाच्या बाबतीत हे फक्त ८०० ग्रॅम झाले. पहिला सेट तासभर चालला आणि मुलाने पाण्याला तोंड लावले नाही, तर दुसऱ्या सेटात त्याचे पाय जड पडतील. आपण त्याला "जिद्द नाही" म्हणून रागावतो. त्याच्या अंगात पाणी नसते.

पुढे असलेल्यांचेही दुखणे असते

पहिला सेट जिंकणाऱ्याला धोका नाही असे नाही. २००४ च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाच्या गिजेर्मो कोरियाने आपल्याच देशाच्या गास्तोन गाउदिओविरुद्ध पहिले दोन सेट ६-०, ६-३ असे सहज घेतले. मग त्याच्या पायात गोळे येऊ लागले. गाउदिओने पुढचे सेट ६-४, ६-१, ८-६ असे जिंकले. शेवटच्या सेटात कोरियाला विजयासाठी एकच गुण हवा, अशी संधी दोनदा आली होती. २०२५ च्या फ्रेंच ओपनमध्ये इटलीच्या यानिक सिनरने पहिले दोन सेट घेतले होते, चौथ्या सेटात विजेतेपदाचे तीन गुण त्याच्या हाताशी होते. तरी स्पेनच्या कार्लोस अल्काराझने ५ तास २९ मिनिटांनी सामना जिंकला.

आघाडीचे दोन आजार आहेत. एक ढिलाई, म्हणजे "आता काय, झालेच" असे वाटून पाय सैल पडणे. दुसरा धास्ती, म्हणजे हातात आलेले निसटेल या भीतीने चेंडू मारण्याऐवजी नुसता परत टाकत राहणे. पहिला सेट जिंकलेल्या मुलालाही म्हणूनच पुढच्या सेटासाठी ताजा बेत हवा.

पहिला सेट हरूनही पदक

आपल्याला जवळची अशी दोन उदाहरणे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये लिएंडर पेस कांस्यपदकाच्या सामन्यात ब्राझीलच्या फर्नांडो मेलिजेनीविरुद्ध पहिला सेट ३-६ असा हरला. पुढचे दोन ६-२, ६-४ असे जिंकून त्याने पदक घेतले. आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळवले होते. त्यानंतर ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळवणारा पेस हा पहिला भारतीय. मधे ४४ वर्षे गेली होती. पहिल्या सेटानंतर त्याने मनाचे शटर ओढले असते, तर ती वर्षे आणखी वाढली असती.

दुसरे उदाहरण महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेचे. चीनमधील हांगझाऊ येथे ३० सप्टेंबर २०२३ रोजी आशियाई स्पर्धेतील मिश्र दुहेरीची अंतिम लढत झाली. ऋतुजा आणि रोहन बोपण्णा यांनी चायनीज तैपेईच्या जोडीविरुद्ध पहिला सेट २-६ असा गमावला. दुसरा सेट त्यांनी ६-३ असा घेतला. तिसऱ्या सेटाऐवजी दहा गुणांचा टायब्रेकर होता. तो १०-४ असा जिंकून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. २-६ ही काही थोडक्यातली हार नव्हे. पण दुसरा सेट सुरू होताना फलक पुन्हा शून्य-शून्य होतो. पहिला सेट सहा-शून्य हरला काय किंवा टायब्रेकरवर हरला काय, तो एकच सेट मोजला जातो. टेनिसमधली ही मोठी दयाळू गोष्ट आहे.

दोन मिनिटांचा उपचार

पहिला सेट संपल्यावर टेनिसच्या नियमाप्रमाणे दोन मिनिटांची विश्रांती मिळते. पुढे बाजू बदलताना दीड मिनिट, आणि दोन गुणांमध्ये २५ सेकंद. टेनिसमध्ये चेंडू प्रत्यक्ष हवेत असतो तो एकूण वेळेच्या वीस ते तीस टक्के, वेगवान कोर्टवर त्याहून कमी. उरलेला सारा वेळ चालणे, घाम पुसणे आणि विचार करणे यात जातो. सामना पुष्कळदा या मधल्या वेळेत हरला जातो, आणि सावरलाही जातो. ही दोन मिनिटे अशी वापरावीत:

१. आधी बसा. टॉवेलने तोंड, मान आणि हात पुसा. रॅकेट खाली ठेवा, म्हणजे पकड आपोआप सैल होते.

२. नाकाने सावकाश श्वास घ्या, मनात चार अंक मोजा. मग सहा अंक मोजत सोडा. असे पाच-सहा वेळा करा. सोडलेला श्वास घेतलेल्या श्वासापेक्षा लांब असला की नाडी खाली येऊ लागते. प्राणायाम करणाऱ्या आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना हे सांगावे लागत नाही.

३. घोट घोट पाणी प्या, साधारण अर्धा ते एक पेला. सामना तासाभरापेक्षा लांबणार असेल तर चिमूटभर मीठ आणि साखर घातलेले लिंबाचे किंवा कोकमाचे सरबत उत्तम. एकदम बाटलीभर पिऊ नका, पोट डचमळते. भूक जाणवत असेल तर अर्धे केळे खा. वडापाव नंतर.

४. फक्त एक प्रश्न स्वतःला विचारा: "माझे गुण कशावर गेले?" सर्व्हिस जाळ्यात गेली, की समोरच्याने डाव्या हाताला मारा केला? एकच बदल ठरवा. पाच बदल ठरवणारा एकही करत नाही.

५. दुसऱ्या सेटाचे पहिले दोन-तीन गेम म्हणजे नवा सामना समजा. खरा घसरगुंडीचा भाग तोच आहे. तिथे धाडसी फटक्यांपेक्षा चेंडू कोर्टात ठेवणे, पाय हलते ठेवणे याला महत्त्व द्या.

बॅडमिंटन आणि टेबल टेनिसमध्येही क्रम हाच: श्वास, पाणी, एक बदल.

गोळे आले, तर तो स्नायू हळूहळू ताणून धरा आणि पाणी घ्या. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, असंबद्ध बोलणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी सेट कितीही पुढे असला तरी सामना तिथेच थांबवा. मुलाला सावलीत न्या, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला आणि विलंब न करता दवाखान्यात न्या.

पालकांसाठी चार शब्द

पहिला गेम हरलेले मूल सर्वांत आधी कोणाकडे पाहते? कठड्याबाहेर उभ्या असलेल्या आई-वडिलांकडे. तिथे कपाळाला हात लावलेला दिसला, तर त्याच्यासाठी सामना संपला. मुलाच्या शरीरातले ॲड्रेनॅलिन जितके समोरच्या खेळाडूमुळे वाढते, तितकेच घरी जाताना रिक्षात ऐकाव्या लागणाऱ्या बोलण्यामुळे वाढते. अशा मुलांना सामन्याच्या दिवशी सकाळी पोटात दुखणे, उलटीची भावना होणे, वारंवार लघवीला जावेसे वाटणे अशा तक्रारी असतात. तपासणीत काही सापडत नाही. पण म्हणून मूल सोंग करते असे समजू नये. त्याचे पोट खरेच दुखत असते.

अशा वेळी तीन गोष्टी कराव्यात. सामना चालू असताना चेहरा सारखा ठेवावा, मूल पुढे असो वा मागे. सामन्यानंतर पहिला प्रश्न "किती गुणांनी?" हा नसावा, "पाणी प्यायलास का, काही दुखते का?" हा असावा. आणि चुकांची चर्चा दुसऱ्या दिवशी, प्रशिक्षकासमोर करावी. सरावातही एक युक्ती करून पाहावी. गेम सुरू करतानाच मुलाला चार-पाच गुणांनी मागे ठेवावे. रोज मागून खेळायची सवय झाली की मागे पडणे ही आपत्ती वाटत नाही, नेहमीचे काम वाटते.

पहिल्या पेपरबद्दलही हेच. दहावीचा एक पेपर अवघड गेला म्हणून उरलेल्या पेपरांवर पाणी सोडणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. तिथेही पहिल्या पेपरातले गेलेले गुण थोडे असतात. खरे गुण जातात ते त्या रात्री न झालेल्या अभ्यासात आणि न झालेल्या झोपेत.

चाळिशीनंतरच्या खेळाडूंनो, सांभाळा

रविवारी सकाळी मित्रांबरोबर बॅडमिंटन किंवा टेनिस खेळणाऱ्यांची संख्या वाढते आहे, ही आनंदाची गोष्ट. पण आठवडाभर गल्ल्यावर किंवा ऑफिसच्या खुर्चीत बसलेला माणूस कोर्टवर उतरताच पहिला गेम जिंकायच्या ईर्षेने जीव तोडून पळतो, तेव्हा हृदयावर आणि सांध्यांवर अचानक ताण पडतो. त्यांच्यासाठी पहिल्या गेमचे महत्त्व वेगळे आहे: तो जिंकण्यासाठी नसून अंग गरम करण्यासाठी आहे असे समजावे. आधी दहा मिनिटे चालणे आणि सांधे मोकळे करणे, मग हलका खेळ, मग चुरस. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी खेळ सुरू करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा गोळी-बिस्किट ठेवावे. रक्तदाब असलेल्यांनी मिठाचे सरबत टाळून साधे पाणी घ्यावे.

खेळताना छातीत दाब किंवा जळजळ, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, एकाएकी दरदरून घाम, दम लागणे यापैकी काहीही जाणवले तर तत्काळ थांबा. "हा एवढा गेम संपवतो" असे म्हणू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. असे अर्धवट सोडलेले सामने पुढच्या रविवारी पुन्हा खेळता येतात.

थोडक्यात, पहिला सेट जिंकावा, त्यासाठी जरूर झटावे. तो निम्मी वाट आहे. पण हरला तर तो थर्मामीटरसारखा वाचावा, पाणी प्यावे, श्वास लांब सोडावा आणि दुसऱ्या सेटाचा पहिला गेम नव्याने खेळावा. तुमच्या घरातले मूल येत्या आठवड्यात कुठे सामना खेळणार असेल, तर त्याच्या पिशवीत आज आणखी एक पाण्याची बाटली ठेवा, आणि पहिला गेम गेल्यावर तुमचा चेहरा कसा असेल, ते आरशात एकदा पाहून घ्या.